पात्र सोडा, हात ओळखा : जुन्या सुपरहिरो कॉमिक्सच्या चित्रकारांशी पहिली ओळख

स्पायडरमॅन शेंबड्या पोरालाही माहीत आहे. स्टीव्ह डिट्को कोण, असं विचारलं तर मात्र बहुतेक लोक नुसते बघत राहतात. सिनेमे पाहून कॉमिक्सकडे वळलेल्या नव्या वाचकाची गाडी इथेच अडते. तो पात्राच्या मागे लागतो. पात्र साठ-सत्तर वर्षं चालू असतं, शेकडो चित्रकारांच्या हाताखालून गेलेलं असतं, आणि त्यातला बराच माल भरताड असतो. चार-सहा अंक उलटसुलट वाचले की हा प्रकार आपल्यासाठी नाही असं वाटायला लागतं.

म्हणून पात्र सोडा आणि चित्रकार धरा. रेडिओवर दोन ताना कानावर पडल्या की ‘किशोरीताई!’ म्हणणारी माणसं आपल्याकडे घरोघरी होती. रेघेच्या बाबतीत तेवढी तयारी व्हायला फार वेळ लागत नाही. शिवाय चित्रकला यावी लागत नाही, नुसतं पाहता आलं की पुरे.

हा लेख अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्सपुरता आहे, तेही १९३८ पासून साधारण १९७५ पर्यंतच्या. त्यातही मी साठचं दशक मध्यभागी ठेवलंय, कारण शिकायला तेच सोपं जातं.

सुरुवातीआधी : एक पान किती हातांतून जातं

छापलेलं पान एकट्याचं नसतं. एकजण पेन्सिलने चित्रं काढतो, दुसरा संवादांच्या फुग्यांतली अक्षरं लिहितो, तिसरा पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवतो, चौथा रंग ठरवतो. पेन्सिलवाल्याला पेन्सिलर आणि शाईवाल्याला इंकर म्हणतात. यातला इंकर नवख्यांच्या लक्षातच येत नाही. खरं तर आपल्याला दिसते ती प्रत्येक रेघ त्याचीच असते, पेन्सिल तर खोडली जाते.

मूळ पान छापील पानापेक्षा बरंच मोठं असे. १९६७ च्या आसपासपर्यंत चित्राची जागा साधारण १२ बाय १८ इंच होती, पुढे ती १० बाय १५ वर आली. छपाई रद्दी होण्याच्याच लायकीच्या स्वस्त न्यूजप्रिंटवर व्हायची. निळा, गुलाबी आणि पिवळा यांच्या ठिपक्यांच्या मोजक्या छटा एकमेकांवर छापून जे रंग निघत, त्यांत भागवायचं. या कागदावर नाजूक काम मरून जाई. जाड काळी रेघ, मोठे काळे भाग आणि लांबूनही कळणारी आकृती ही शैली त्या गरजेतून आली आहे.

आणखी एक गोष्ट. साठच्या दशकात मार्व्हलमध्ये बहुधा पूर्ण पटकथा लिहून देत नसत. कथेची रूपरेषा ठरायची, चित्रकार वीस-बावीस पानं काढून आणायचा आणि मग लेखक स्टॅन ली त्यात संवाद भरायचा. म्हणजे कुठल्या प्रसंगाला किती चौकटी द्यायच्या, कोण कुठून येणार, शेवट कसा होणार, हे बरंचसं चित्रकाराच्या हातात. १९६६ मध्ये जॅक किर्बीने ‘फँटास्टिक फोर’ची पानं आणली तेव्हा त्यांत फळीवर उभा राहून आकाशातून जाणारा एक चंदेरी माणूस होता. तो कथेत ठरलेलाच नव्हता. ग्रह गिळणाऱ्या गॅलॅक्टससारख्या देवाला एखादा दूत हवाच, असं किर्बीला वाटलं आणि त्याने तो स्वतःच्या मनाने चितारला. सिल्व्हर सर्फर जन्मला तो असा, आणि ही गोष्ट स्वतः ली सांगत असे.

तेव्हा श्रेयनामावलीत ‘चित्रे’ एवढंच दिसलं तरी तो माणूस अर्धा लेखक आहे हे धरून चाला.

पायरी १ : डिट्कोचा स्पायडरमॅन, फुगे न वाचता

ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या १५ व्या अंकात स्पायडरमॅन पहिल्यांदा आला. त्यानंतर ‘अमेझिंग स्पायडरमॅन’चे पहिले ३८ अंक स्टीव्ह डिट्कोने काढले, पेन्सिल आणि शाई दोन्ही स्वतःच. म्हणून सुरुवात इथून करा. मधे दुसरा हात नाही, जे दिसतं ते निव्वळ त्याचं.

वाचायची पद्धत अशी : पहिल्यांदा फक्त चित्रं बघत पूर्ण अंक उलटा, फुग्यांकडे ढुंकूनही पाहू नका. गोष्ट किती कळली ते मनाशी ताडून बघा. डिट्कोच्या बाबतीत जवळजवळ सगळी कळते. मग दुसऱ्यांदा फुग्यांसकट वाचा.

काय बघायचं? हात. डिट्कोची माणसं हातांनी बोलतात. बोटं वाकडी, ताणलेली, घाबरलेली. जाळं सोडताना मधली दोन बोटं तळव्याकडे दुमडलेली असतात, ती मुद्रा याचीच. अंगयष्टी बघा. हा नायक पिळदार पहिलवान नाही, किडमिडीत पोरगा आहे. भिंतीवर चढतो तेव्हा गुडघे कानाजवळ येतात आणि खरोखर कोळ्यासारखा किळसवाणा दिसतो. पीटर पार्करचा चेहरा अर्धा माणसाचा आणि अर्धा मुखवट्याचा काढायची युक्तीही त्याचीच.

मग ३३ वा अंक काढा, १९६६ च्या सुरुवातीचा. यावर थोडं थांबू या, कारण चौकटींची मांडणी म्हणजे काय ते याच्याइतकं स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतं. डॉक्टर ऑक्टोपसचा पाण्याखालचा अड्डा. छताला तडे गेलेत, पाणी ठिबकतंय. स्पायडरमॅन एका अजस्र यंत्राखाली सापडलाय. मे काकूचा जीव वाचवणारं औषध समोर जमिनीवर पडलंय, हात पोचणार नाही इतक्याच अंतरावर. सुरुवातीच्या चौकटींत लोखंड चौकटभर पसरलेलं आणि हा तळाशी दबलेला. डिट्को त्याला लगेच उठवत नाही. पानं खर्ची घालतो. तो जोर लावतो, हरतो, काकू आठवते, काका आठवतो, पुन्हा जोर लावतो. जसजसं यंत्र वर सरकतं तशी चौकट मोठी होत जाते, त्याच्या पाठीला आणि मानेला जागा मिळत जाते. आणि मग अख्ख्या पानाचं एकच चित्र : यंत्र डोक्यावरून उडालंय, पाणी उसळतंय, तो उभा आहे. शब्द झाकून बघितलं तरी छाती भरून येते. कोणाला मारलेलं नाही, कोणी खलनायक समोर नाही, एक मुलगा फक्त उभा राहिला एवढंच घडलंय.

जमलं तर त्याच डिट्कोचे ‘स्ट्रेंज टेल्स’मधले डॉक्टर स्ट्रेंजही बघा. ती मालिका १९६३ पासूनची. अधांतरी वळणारे रस्ते, कुठेच न उघडणारी दारं. डिट्कोने १९६६ मध्ये मार्व्हल सोडलं आणि पुढे २०१८ मध्ये जाईपर्यंत मुलाखती देणं जवळपास पूर्ण टाळलं. माझं काम बोलेल, असा त्याचा खाक्या होता.

पायरी २ : ३९ वा अंक

आता लगेच पुढचा अंक उघडा. चित्रकार जॉन रोमिटा. तो आधी प्रेमकथांची कॉमिक्स काढायचा, आणि सुरुवातीला डिट्कोची नक्कल करायचा त्याने प्रामाणिक प्रयत्न केला. पण हात लपत नाही. पीटर देखणा झाला, खांदे रुंदावले, केस नीट बसले, कॉलेजातल्या मुली मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या वाटायला लागल्या. ४२ व्या अंकाच्या शेवटी मेरी जेन पहिल्यांदा चेहरा दाखवते, ते चित्र डिट्कोला काढता आलं नसतं, आणि त्याला काढायचंही नसतं.

दोघांचे दोन अंक शेजारी ठेवा आणि एकच गोष्ट तपासा : रस्त्यावरची अनोळखी माणसं. डिट्कोच्या गर्दीतला प्रत्येकजण कुरूप, संशयी, कुणीतरी खास. रोमिटाची गर्दी स्वच्छ आणि सुखवस्तू. रोमिटाच्या काळात खप वाढला हे खरंच. चित्रांचा कस विचाराल तर माझं मत डिट्कोच्या पारड्यात आहे, पण या वादात पडायला अजून अवकाश आहे. तूर्तास फरक दिसला म्हणजे झालं.

पायरी ३ : किर्बी, आणि घाई नको

जॅक किर्बी म्हणजे या सगळ्याचा वडवृक्ष. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडच्या चाळवजा वस्तीत १९१७ मध्ये ज्यू कुटुंबात जन्मला, मूळ नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जो सायमनबरोबर कॅप्टन अमेरिका उभा केला. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर नायक हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय, आणि मुखपृष्ठावरची तारीख आहे मार्च १९४१, म्हणजे अमेरिका युद्धात उतरायच्या कितीतरी आधी. पुढे किर्बी स्वतः पायदळात भरती होऊन युरोपात लढला.

नवख्याने मात्र तिथून सुरुवात करू नये. १९४१ ची पानं आज वाचायला ओबडधोबड वाटतात. ‘फँटास्टिक फोर’चे १९६१ चे पहिले अंकही नकोत. थेट ४४ ते ५३ हे दहा अंक घ्या, १९६५ अखेरपासून १९६६ च्या मध्यापर्यंतचे. इनह्यूमन्स, गॅलॅक्टस, सिल्व्हर सर्फर आणि ब्लॅक पँथर, सगळे या दहा अंकांत येऊन जातात. हे काढताना किर्बीच्या टेबलावर ‘थॉर’सुद्धा होता. त्याआधी दोनेक वर्षं तर ‘ॲव्हेंजर्स’ आणि ‘एक्स-मेन’ही तोच काढत होता.

किर्बी पहिल्या भेटीत आवडेलच असं नाही. बोटं चौकोनी, गुडघे चौकोनी, स्नायू शरीरशास्त्रात नसलेल्या जागी. बऱ्याच जणांना तो ‘चुकीचा’ वाटतो. त्याला शरीर बरोबर काढायचंच नव्हतं, त्याला ताकद काढायची होती. ठोसा कागदातून बाहेर तुमच्या नाकापर्यंत येतो, मागचा पाय चौकटीच्या पार दुसऱ्या टोकाला. यंत्रं बघा : नळ्या, तबकड्या, खाचा, कशाचा पायपोस कशात नाही, तरी हे चालत असणार याची खात्री वाटते. आणि अंतराळातली ऊर्जा दाखवायला काळ्या गोल ठिपक्यांचे पुंजके, ज्यांना चाहते ‘किर्बी क्रॅकल’ म्हणतात. एकदा ओळखलेत की नंतरच्या निम्म्या चित्रकारांकडे तुम्हाला ते उसने घेतलेले दिसतील. मधेच छायाचित्रं कापून चिकटवलेली कोलाजही आढळतात. त्या स्वस्त छपाईत ती नीट उठत नसत, तरी हा माणूस करतच राहिला.

एवढा धडाका बघून दमलात की ५१ व्या अंकाचं पहिलं पान उघडा. राक्षसासारख्या दगडी अंगाचा थिंग भर पावसात रस्त्यावर उभा आहे. मारामारी नाही. खांदे पडलेले. किर्बीला फक्त स्फोट काढता येतात असं म्हणणाऱ्याला हे पान दाखवायचं.

पायरी ४ : शाई कोणाची?

इथे नवखा आणि जाणकार यांतला फरक पडतो. पेन्सिल किर्बीचीच, पण इंकर बदलला की माणूस बदलल्यासारखा दिसतो.

‘फँटास्टिक फोर’ ४४ पासून जो सिनॉट शाई करू लागला. रेघ गुळगुळीत, धातू चकचकीत, चेहरे ठसठशीत. त्याआधीच्या काही अंकांवर चिक स्टोनची शाई आहे, तिथे बाह्यरेघ जाड आणि ठाम. आणि ‘थॉर’ घ्या, त्यावर अनेक वर्षं व्हिन्स कोलेटा होता. बारीक, पिसासारखी खरखरीत रेघ. काहींना ती पुराणकथेला शोभते असं वाटतं. पण मुदत गाठण्यासाठी कोलेटा किर्बीने काढलेल्या मागच्या इमारती, गर्दीतली माणसं सरळ खोडून टाकायचा किंवा नुसत्या काळ्या आकृत्या करून मोकळा व्हायचा. याला मराठीत पाट्या टाकणं म्हणतात. सत्तरच्या दशकातला माइक रॉयर याच्या अगदी उलट, किर्बीची पेन्सिल जशी असेल तशी शाईत उतरवणारा. एकाच चित्रकाराची चार इंकरांची चार पानं समोर ठेवलीत की तासाभरात डोळा तयार होतो.

आता एक गमतीचा सराव. १९७० मध्ये किर्बी मार्व्हल सोडून डीसी या प्रतिस्पर्धी कंपनीत गेला आणि ‘सुपरमॅन्स पाल जिमी ऑल्सन’ काढू लागला. किर्बीचा सुपरमॅन कंपनीच्या ठरलेल्या सुपरमॅनसारखा दिसत नाही म्हणून डीसीने त्याचे चेहरे अल प्लॅस्टिनो आणि मर्फी अँडरसन यांच्याकडून पुन्हा काढून घेतले. ते अंक मिळवा आणि शिवण कुठे दिसते ते शोधा : किर्बीच्या धडावर दुसऱ्याचं डोकं. दिसायला लागलं की समजा, तुमची नजर बसली.

पायरी ५ : डीसीचे तिघे

डीसीची चित्रं तेव्हा जास्त नेटकी असत. १९५६ मध्ये ‘शोकेस’च्या चौथ्या अंकात नवा फ्लॅश आला, पेन्सिल कार्माइन इन्फँटिनोची. त्याच्या चौकटी आडव्या लांबट, मागे दूरवर शहराची बारीक आकाशरेषा, आणि धावणाऱ्या फ्लॅशच्या मागे त्याच्याच पुसट प्रतिमांची रांग. वेग दाखवायची इतकी शिस्तबद्ध पद्धत पुढे सगळ्यांनी उचलली.

गिल केनला नाकपुड्यांवरून ओळखायचं. चेहरा खालून बघितलेला काढायची त्याला भारी हौस. दुसरी खूण म्हणजे ठोसा खाल्लेला माणूस : अख्खं शरीर कमान होऊन तुमच्या दिशेने उडत येतं. ‘ग्रीन लँटर्न’ १९५९ पासून त्याचा. पीटरची प्रेयसी ग्वेन स्टेसी मरते तो १९७३ चा ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ १२१ ही त्याचाच, शाईत रोमिटाचा हात. एवढं वाचलंत तर त्या अंकात कुठे केन संपतो आणि रोमिटा सुरू होतो ते आता तुम्हाला दिसायला हवं.

नील ॲडम्स जाहिरातींच्या आणि वर्तमानपत्री पट्ट्यांच्या जगातून आला. छायाचित्रासारखे चेहरे, तिरक्या चौकटी, बॅटमॅनची मैलभर पसरणारी केप. आज डोळ्यांसमोर येतो तो काळोखा, सडपातळ बॅटमॅन बराचसा याच्या आणि लेखक डेनी ओनीलच्या हातचा. १९७३ चा ‘बॅटमॅन’ २५१, जोकरचा, सुरुवातीला पुरेसा आहे. तिरक्या चौकटींत कधीकधी पुढे कुठे वाचायचं तेच कळत नाही. देखणेपणासाठी गोष्टीला दिलेला तो चकवा मला खटकतो.

ॲडम्सचं नाव आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये हक्क १३० डॉलरला विकले होते. म्हातारपणी ते हलाखीत असताना ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन यांनी आवाज उठवला, आणि १९७५ मध्ये दोघांना वार्षिक मानधन मिळालं, सुपरमॅनवर त्यांची नावं परत आली. या धंद्यात श्रेय लाटण्याची परंपरा जुनी आहे. किर्बीलाही स्वतःची मूळ पानं मार्व्हलकडून परत मिळवायला ऐंशीच्या दशकात भांडावं लागलं, आणि मिळाली ती थोडीच.

बाकी कर्ट स्वानचा सुपरमॅन, जॉन बुसेमाचा सिल्व्हर सर्फर, रमोना फ्रॅडनचा ॲक्वामॅन आणि मेटामॉर्फो, मेरी सेव्हरिनचा हल्क, जिम स्टेरँकोचा निक फ्युरी हे सगळे सवडीने. फ्रॅडन आणि सेव्हरिन मुद्दाम सांगतोय. त्या काळात या धंद्यात बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि दोघींच्या चेहऱ्यांतला मिश्कीलपणा वर सांगितलेल्या एकाही पुरुषाकडे नाही.

घरच्या घरी सराव : वेताळ

चाळिशीपुढच्या वाचकांच्या माळ्यावर याचं साहित्य पडलेलं असू शकतं. मुंबईहून १९६४ पासून निघणारी इंद्रजाल कॉमिक्स मराठीतही येत. त्यातला वेताळ म्हणजे ली फॉकचा फँटम. अंगाला चिकटलेला पोशाख आणि बुबुळं न दिसणारा मुखवटा घेऊन तो १९३६ मध्येच आला होता, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. इंद्रजालच्या जुन्या अंकांत विल्सन मॅकॉयचा साधा, ठोकळेबाज वेताळ आहे, नंतरच्यांत साय बॅरीचा रेखीव, पिळदार. दोघांचा एकेक अंक शेजारी ठेवा. मूळ वर्तमानपत्री पट्ट्या पुस्तकाच्या पानात बसवताना चौकटी कापलेल्या, वाढवलेल्या असतात. कुठे चौकट विनाकारण रिकामी किंवा कोंबलेली वाटली तर चित्रकाराला दोष देऊ नका.

कुठून मिळवायचं

साठच्या दशकातले मूळ अंक विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका, तो श्रीमंतांचा खेळ आहे. पुनर्मुद्रणं भरपूर आहेत, फक्त घेताना बघून घ्या.

रेघ शिकायला सगळ्यात उत्तम म्हणजे कृष्णधवल जाडजूड खंड : मार्व्हलचे ‘एसेन्शियल’ आणि डीसीचे ‘शोकेस प्रेझेंट्स’. कागद हलका, पण शाई उघडी दिसते. आता ते छापत नाहीत, मात्र जुन्या पुस्तकांच्या बाजारात हाती लागू शकतात. मुंबईत फोर्टच्या आणि माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या पदपथावर नजर टाकत चला. रंगीत हवं असेल तर मार्व्हलचे ‘एपिक कलेक्शन’ खंड सलग वाचायला सोयीचे. चकचकीत कागदावर जुने रंग भडक उठतात, पिवळा तर डोळ्यांत घुसतो. त्याचा दोष रंगवणाऱ्याला नाही, ते रंग मळकट कागदासाठी ठरवलेले होते. एखादा अंक तेव्हा वाचकाच्या हातात कसा पडला असेल ते बघायचं तर ‘फॅक्सिमिली एडिशन’ घ्या, त्यात जुन्या जाहिरातीसुद्धा असतात. आणि खिसा परवानगी देईल तेव्हा मूळ पानांच्या आकारात छापलेली एखादी ‘आर्टिस्ट्स एडिशन’. तीत पांढऱ्या रंगाने केलेल्या दुरुस्त्या, समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी, चिकटवलेले फुगे सगळं दिसतं.

पेन्सिल कोणाची, शाई कोणाची याबद्दल शंका आली तर ‘ग्रँड कॉमिक्स डेटाबेस’ बघा. स्वयंसेवकांनी चालवलेली ही नोंदवही अंकागणिक नावं देते, आणि जुन्या, निनावी अंकांच्या बाबतीत नाव अंदाजाने दिलं असेल तर पुढे प्रश्नचिन्ह टाकते. पण आधी स्वतः ओळखा, मग तिथे ताडून पाहा.